झाकण कोणी लावलं

आमच्या आश्रमशाळेत मी आठवी-नववीला विज्ञान आणि गणित शिकवते, तासिका तत्त्वावर. अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारा रस्ता जिथे घाटाला लागतो, त्याच्या थोडं अलीकडे शाळा आहे. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात नऊ परीक्षानळ्या, एक बिघडलेलं होकायंत्र, एक थर्मामीटर आणि मानवी सापळ्याचा तक्ता. जुलैमध्ये शनिवारी दप्तराशिवाय वर्ग घ्यायचं ठरलं, तेव्हा बाकीच्यांनी गाणी, मातीकाम आणि कवायत वाटून घेतली. मला काही उरलं नाही. आवारात कडुलिंबाखाली शाळेची जीप उभी होती. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, मी जीप घेते.

"चालवता येते तुम्हाला?" पितांबर सरांनी विचारलं.

"चालवायला नाही सर. शिकवायला."

ते म्हणाले, "बशीरला विचारा. गाडी कागदावर शाळेची आहे, पण खरी त्याची आहे."

बशीरभाई जीपचे ड्रायव्हर. अक्कलकुव्याचे, पन्नाशीच्या पुढचे, वडिलांचं तिथे गॅरेज होतं. आजारी मुलाला दवाखान्यात नेणं, किराणा आणणं, सुट्टीला मुलांना वरच्या पाड्यांपर्यंत सोडणं ही त्यांची कामं. ते म्हणाले, "मॅडम, पोरं बोल्ट हरवतील आणि सर मला हरवतील." पण पहिल्या शनिवारी ते घरून पान्यांची पेटी घेऊन आले आणि ताडपत्रीवर एकेक पाना मापाप्रमाणे मांडून बसले. आठ, नऊ, दहा, बारा, तेरा, चौदा. मुलांना त्यांनी विचारलं, "अकरा कुठे गेला?" कुणालाच सांगता आलं नाही. "मलाही माहीत नाही," बशीरभाई म्हणाले, "चौदा वर्षं झाली."

आम्ही टायरभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजला, दोनशे वीस सेंटिमीटर. व्यास सत्तर. भागाकार तीनपेक्षा थोडा जास्त आला आणि तो पुस्तकातल्या आकड्याशी जुळला, तेव्हा मुलांना पुस्तकाचं आश्चर्य वाटलं, टायरचं नाही. मग अक्कलकुवा चौदा किलोमीटर, तर चाक किती वेळा फिरेल? सहा हजार तीनशे त्रेसष्ट आणि थोडं. उखा नावाचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते मोजायला चाकावर कोण बसलं होतं?" सगळा वर्ग हसला. उखाला कुणी हसलं की तो पुढचं वाक्य तयार ठेवतो.

ऑइलची पट्टी, बॅटरीचं पाणी, हवेचा दाब असं करत आम्ही ऑगस्टच्या शेवटी रेडिएटरला आलो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. म्हणून बशीरभाईंचा नियम असा होता, की वरचा रबरी पाइप मुठीत धरायचा आणि सतराचा पाढा म्हणायचा. पाढा पूर्ण होईपर्यंत हात धरवला तर इंजिन थंड आहे. मध्येच हात सोडावा लागला तर झाकणाला शिवायचं नाही.

"आणि पाढा चुकला तर?" उखाने विचारलं.

"तर पहिल्यापासून. इंजिन तोवर आणखी थंड होतं, तुझाच फायदा."

सतराचा पाढा न अडखळता म्हणणारी एकच मुलगी होती, आठवीतली कमली. ती नर्मदेकाठच्या मणिबेलीकडची. तिचे वडील तिला नावेतून, मग दोन जीप बदलून शाळेत आणून सोडतात. वर्गात ती बोलत नसे. घरी भिली बोलणाऱ्या मुलीला प्रश्न समजून घेऊन मराठीत उत्तर जुळवायला वेळ लागतो, आणि तोवर प्रश्न दुसऱ्याकडे गेलेला असतो. जीपपाशी मात्र ती बोलायची. वॉशर, लेव्हल, गॅस्केट हे शब्द तिथे सगळ्यांनाच नवे होते, त्यामुळे कुणी तिच्या पुढे नव्हतं. झाकण उघडणं, पाणी बघणं आणि वहीत लिहिणं हे काम तिच्याकडे आपोआप आलं. पाणी टाकायला आम्ही एक लिटरच्या बाटलीवर पन्नास-पन्नास मिलिलिटरच्या खुणा केल्या होत्या. रोज सकाळी प्रार्थनेआधी ती झाकण उघडायची, पाणी तोंडापर्यंत भरायची, किती लागलं ते लिहायची आणि झाकण दाबून फिरवायची.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तापाने फणफणलेल्या एका मुलाला घेऊन जीप मोलगीला निघाली आणि घाटात उकळली. बशीरभाईंना वीस मिनिटं थांबावं लागलं. मुलगा वेळेत पोहोचला, त्याला काही झालं नाही. पण पितांबर सरांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं.

"ही गाडी याआधी कधी उकळली नव्हती. मुलं झाकण उघडायला लागली, आणि गाडी उकळायला लागली."

"सर, आधी किती पाणी जात होतं ते कुणी मोजलेलं नाही."

"मला पाणी मोजायचं नाही मॅडम. मला मूल दवाखान्यात पोहोचवायचं आहे. शनिवारपर्यंत पाणी कुठे जातं ते सांगा. नाहीतर ती जीप आणि तुमचा वर्ग दोन्ही आपापल्या जागी राहू द्या."

त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आधी आम्ही गळती शोधली. मंगलाबाईंकडून, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य बाईंकडून, चुलीची राख आणली आणि जीपखाली पसरली. थेंब पडला तर राखेत खड्डा दिसणार. सकाळी राख जशीच्या तशी होती, फक्त एका मांजराच्या पावलांची रांग. ऑइलच्या पट्टीवर पांढरट फेस नव्हता, म्हणजे पाणी इंजिनच्या आत जात नव्हतं. मग राहिलं झाकण. झाकणाच्या आत स्प्रिंग असते आणि रबराची चकती. ते पूर्ण दाबून फिरवलं नाही तर वाफ निसटू शकते. मुलांमध्ये आधीच कुजबुज होती. उखा तर उघड म्हणाला, "कमलीच्या हातात जोरच नाही. ती झाकण ठेवते, लावत नाही."

मी ठरवलं, हे तपासून टाकू. मंगळवार-बुधवार झाकण कमली लावेल, गुरुवार-शुक्रवार बशीरभाई. बाकी काही बदलायचं नाही. दुसऱ्या सकाळी किती पाणी लागतं ते बघायचं. कमलीला मी म्हटलं की हे तुझ्या बाजूने आहे, यातून तुझं काही चुकत नाही हे सिद्ध होईल. तिने मान हलवली. मंगळवारी तिने झाकण लावलं तेव्हा दोन्ही हातांनी लावलं आणि पुन्हा एकदा फिरवून बघितलं.

मंगळवारच्या दिवसाला साडेपाचशे मिलिलिटर लागलं. बुधवारच्या दिवसाला सहाशे. गुरुवारच्या पन्नास. शुक्रवारच्या पन्नास.

शनिवारी सकाळी मी वही सरांसमोर ठेवली. एवढा स्वच्छ फरक महाविद्यालयात तीन वर्षांत एकाही प्रयोगात मला मिळाला नव्हता. सरांनी चष्मा लावला, चारही आकडे बघितले आणि वही बंद केली.

"मिळालं की उत्तर."

मी वही उचलली. आकडे माझेच होते.

सोमवारी परिपाठाला, सुविचार आणि बातम्या झाल्यावर, सर म्हणाले, "आठवीच्या कमलीने आजपासून जीपच्या झाकणाला हात लावायचा नाही. कुणीच लावायचा नाही. शनिवारचा जीपचा वर्ग बंद." ते रागावून बोलले नाहीत. सूचना सांगतात तसं सांगितलं आणि मुलांना वर्गात जायला सांगितलं. दीडशे मुलांनी कमलीकडे बघितलं. ती रांगेत होती तशीच चालत वर्गात गेली.

त्या दिवशी ती जेवायला आली नाही. मंगलाबाई ताट घेऊन वसतिगृहात गेल्या आणि तसंच परत घेऊन आल्या. मला अहिराणीत म्हणाल्या, "मयूरीताई, ती पोर ट्रंक आवरी ऱ्हायनी. रविवारले बाप येस बाजारले, त्यानासंगे जासू म्हणस." वडील रविवारी अक्कलकुव्याला बाजाराला येणार आणि ही त्यांच्याबरोबर घरी जाणार. इथली मुलं अशी घरी गेली की बऱ्याचदा परत येत नाहीत. हे मला दोन वर्षांत कळलेलं आहे. त्यासाठी भांडण लागत नाही, आठवड्याचे दोन आठवडे होतात आणि हजेरीपटावर नाव तेवढं राहतं.

मंगळवारी दुपारी मधल्या सुट्टीत मी वर्गात एकटी बसून तीच वही बघत होते. काय शोधत होते ते मलाही माहीत नव्हतं. दारात कमली आली. आत आली नाही.

"मॅडम, गाडी कुठे गेली ते लिहिलं नाही."

"कुठल्या दिवशी?"

"सगळ्या."

मी रकाने बघितले. तारीख, वेळ, हवेचं तापमान, झाकण कोणी लावलं, आधीचं पाणी, टाकलेलं पाणी. गाडी कुठे गेली हा रकाना नव्हता.

"माझे दोन दिवस गाडी डावीकडे गेली," कमली म्हणाली. "बशीरचाचाचे दोन दिवस उजवीकडे."

शाळेच्या फाटकातून डावीकडे गेलं की घाट. उजवीकडे अक्कलकुवा, सरळ सपाट रस्ता. मुलींच्या वसतिगृहाची खिडकी फाटकावर उघडते. मी धावत जाऊन बशीरभाईंना विचारलं. मंगळवारी दोन मुलांना लसीकरणासाठी मोलगीला नेलं होतं, बुधवारी वरच्या पाड्यावर एका मुलाच्या आजोबांना सोडलं होतं. गुरुवारी किराणा, शुक्रवारी गॅसची टाकी, दोन्ही अक्कलकुव्याहून.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मीच मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं. दोन गोष्टी बदलल्या होत्या, हात आणि रस्ता. रस्ता मी पाहिलाच नाही, कारण पाहायची गोष्ट मी आधीच ठरवली होती.

मी सरांकडे गेले.

"सर, माझा प्रयोग चुकला. कमलीला आणखी दोनदा झाकण लावू द्या."

"मॅडम, मुलीला वाचवायला आकडे बदलू नका."

"आकडे तेच राहतील. एक रकाना वाढेल." मी त्यांना डावीकडे-उजवीकडे सांगितलं. सरांनी खिडकीबाहेर फाटकाकडे बघितलं. वीस वर्षं ते याच खुर्चीत बसतात आणि जीप डावीकडे जाते की उजवीकडे हे त्यांना रोज दिसतं.

"तुम्हाला दिसलं नाही ते मलाही दिसलं नाही," ते म्हणाले. "दोन दिवस. मग मला विचारायचं नाही."

बुधवारी झाकण बशीरभाईंनी लावलं. त्यांचा हात म्हणजे पाना. जीप घाटात गेली. गुरुवारी सकाळी सहाशे मिलिलिटर लागलं. गुरुवारी कमलीने लावलं, एका हाताने. जीप अक्कलकुव्याला जाऊन आली. शुक्रवारी सकाळी पन्नास.

बशीरभाई बाटलीकडे बघत म्हणाले, "या अल्ला, म्हणजे मीच कच्चा!"

"तुम्ही नाही, घाट," कमली म्हणाली.

पण दोष घाटाचा कसा असेल? घाट तर आधीही होता. चढावर इंजिनला जास्त काम पडतं, पाणी जास्त तापतं, हे बरोबर. तरी झाकण नीट बसत असेल तर पाण्यावर दाब राहतो आणि ते शंभर अंशाला उकळत नाही, एकशे अठराच्या आसपास उकळतं. आमच्या जीपचं पाणी त्याआधीच उकळून बाजूच्या बारीक नळीतून रस्त्यावर जात होतं. सपाटीवर ते तेवढं तापतच नव्हतं. हे मी मुलांना सांगत होते आणि मंगलाबाई राखेचा रिकामा डबा परत न्यायला आल्या होत्या. त्या ऐकत उभ्या राहिल्या.

"हाई कूकरसारखंच शे ना मग?"

"अगदी तसंच."

"मंग रबर देखा. रबरमा शीत अडकनं का वाफ निंघी जास, शिट्टी व्हत नही. मन्हा घरना कूकर दर आठ दिनले तशेच करस."

झाकण आम्ही रोज उघडत होतो, पण त्याची खालची बाजू कुणी उजेडात धरून बघितली नव्हती. पाइप थंड आहे हे पाहून कमलीने ते काढलं आणि उलटं करून माझ्या हातात दिलं. रबराच्या चकतीवर तांबूस काळा चिकट थर होता आणि त्यात कडेला तीन चपटे, गोल दाणे बसलेले होते. रेडिएटरच्या तोंडाच्या कडेवर आणखी दोन. मी नखाने एक काढला. मला वाटलं गंजाचा कपचा असेल, पण तो दाबल्यावर तुटला नाही, वाकला.

उखाने वास घेतला. "मॅडम, यात कुणीतरी भाजी केली."

मंगलाबाईंनी तो दाणा बोटावर घेतला. त्यांनी वास घेतला नाही, त्यांना गरजच नव्हती. नंदुरबारात उतरलं की स्टेशनबाहेर पहिल्यांदा नाकाला जे कळतं, ते या जिल्ह्यात कुणाला ओळखून दाखवावं लागत नाही.

"मिरचीनं बी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान सावकाश बशीरभाईंकडे वळवली. "मन्ही मिरची कोठे गयी व्हती ते आते समजनं. पिशवी फाटनी, रस्तामा सांडनी, असं सांगेल व्हतं ना रे बशीरभाऊ?"

बशीरभाई पान्यांची पेटी आवरायला लागले. आवरलेलीच होती.

"तीन दिन पोरंसले फिक्कं वरण वाढं मी!"

"मंगलाताई, सुनो तो," बशीरभाई म्हणाले. मग माझ्याकडे वळले, कारण तिकडे सोपं नव्हतं. ऑगस्टमध्ये घाट उतरताना रेडिएटरला बारीक छिद्र पडलं होतं. मागे एक मूल झोपलेलं. अशा वेळी ड्रायव्हर लोक रेडिएटरमध्ये हळद टाकतात. ती फुगून छिद्रात बसते आणि गळती थांबते. हळद नव्हती, पण किराण्यात पाच किलो कुटलेली मिरची होती. "दोन मुठी टाकली. गळणं बंद झालं. एक थेंब नाही त्या दिवसापासून. तुम्ही राख टाकून बघितलंच."

"मग हे आम्हाला का नाही सांगितलं?"

"मॅडम, मला वाटलं विरघळली असेल."

मुलं हसली. कमली हसली नाही. ती म्हणाली, "चाचा, मिरची वरणात विरघळते का?"

बशीरभाईंनी थोडा विचार केला. "नाही. वर तरंगते."

"मग?"

"मग तेच," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "चुकलं माझं, बेटा. तुझं नाव आलं तेव्हा तरी मला आठवायला हवं होतं."

आम्ही रेडिएटरचं सगळं पाणी खालच्या नळीने काढलं आणि जुन्या ओढणीतून गाळलं. सत्तेचाळीस बिया निघाल्या आणि एक चमचाभर साल. झाकणाची चकती आणि तोंडाची कडा घासून स्वच्छ केली, तीनदा पाणी फिरवून काढलं. शुक्रवारी संध्याकाळी नवं पाणी भरून, झाकण लावून, बशीरभाई खास परवानगी घेऊन जीप घाटात फिरवून आले. पाणी उकळलं नाही.

शनिवारी सकाळी राखेत खड्डा होता. रेडिएटरच्या खालून एक थेंब लोंबत होता. तो पडला, दुसरा जमायला लागला.

बशीरभाई खूश झाले. "बघा! मी काय म्हणत होतो? मिरची काम करत होती!"

ते खरं होतं. आम्ही मिरची काढली, तिच्याबरोबर छिद्राचं बूचही काढलं. कालपर्यंत एक थेंबही न गळणारी जीप आज उभी असताना गळत होती, आणि अकरा वाजता सर उत्तर ऐकायला येणार होते. कमलीने थेंबाखाली वाटी ठेवली आणि माझं घड्याळ मागितलं. मिनिटाला पंधरा थेंब. वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं हे आम्ही औषधाच्या ड्रॉपरने मोजलं. तासाला पंचेचाळीस मिलिलिटर, दिवसाला एक लिटरच्या वर.

सर आले. वाटी, राख, आणि ओढणीच्या तुकड्यावर मांडलेल्या बिया त्यांनी क्रमाने बघितल्या. मी सगळं सांगितलं. बशीरभाईंचा भाग त्यांचा त्यांनी सांगितला, दोन मुठींसकट.

"म्हणजे," सर म्हणाले, "गाडी आता आधीपेक्षा वाईट आहे."

"हो सर. पण आता कुठून गळते ते दिसतं. आधी ती फक्त घाटात, चढावर, मूल आत असताना बंद पडली असती."

"आणि बिया झाकणाखाली आल्या कशा? मुलांनी रोज उघडलं म्हणूनच ना?"

हा प्रश्न मला नको होता. "बहुतेक हो. पाण्याबरोबर फिरून वर आलेल्या बिया, झाकण उघडलं की कडेवर बसतात. कुणीही उघडलं असतं तरी बसल्या असत्या. बशीरभाई पूर्वी डब्याने अंदाजे पाणी टाकायचे तेव्हाही उघडतच होते. पण मुलांनी जास्त वेळा उघडलं, हे खरं आहे."

सरांनी मान हलवली. बशीरभाईंना म्हणाले, "काढा रेडिएटर. मुलांना बघू द्या."

रेडिएटर काढून, त्याची तोंडं जुन्या ट्यूबच्या रबराने बांधून आम्ही तो कपडे धुण्याच्या हौदात बुडवला आणि एका तोंडातून सायकलच्या पंपाने हवा भरली. पंक्चर काढतात तसंच. छिद्र एकच निघालं, खालून तिसऱ्या नळीवर, सुईच्या टोकाएवढं. बुडबुड्यांची सरळ माळ वर येत होती. पितांबर सर हौदाच्या कठड्यावर हात ठेवून, शर्टाची बाही भिजेपर्यंत वाकून बघत होते. बशीरभाईंचा पुतण्या तौहिद अक्कलकुव्यात रेडिएटरची छिद्रं झाळून बुजवतो. दुपारी रेडिएटर तिकडे गेला.

सर निघताना कमलीपाशी थांबले. "परवा सोमवारी परिपाठाला मी सांगेन, की झाकण तू बिघडवलं नव्हतं."

कमली जमिनीकडे बघत म्हणाली, "उद्या बाबा येणार आहे."

सरांना ट्रंकेचं माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं. ते ऑफिसकडे गेले. रविवारी सकाळी ते सुट्टी असून शाळेत आले, अक्कलकुव्याच्या बाजारात गेले आणि कमलीच्या वडिलांना शोधून घेऊन आले. वडील, कमली आणि सर असे तिघं जीपपाशी उभे राहून बराच वेळ भिलीत बोलले. मला त्यातलं झाकण आणि घाट एवढंच कळलं. वडील चहा पिऊन एकटेच परत गेले. तौहिदने झाळलेला रेडिएटर संध्याकाळी बसला.

सोमवारी परिपाठाला सरांनी मला पुढे बोलावलं. मी फळ्यावर दोन तक्ते लिहिले, आधीचा चार दिवसांचा आणि रस्त्याचा रकाना घातलेला सहा दिवसांचा. पहिला तक्ता मी केला होता आणि तो चुकीचा होता, असं सांगितलं. चूक कुठे होती तेही सांगितलं. मग सर म्हणाले, "कमलीवर मी घातलेली बंदी चूक होती. ती मी इथेच घातली म्हणून इथेच काढतो. शनिवारचा वर्ग चालू. बशीरभाई मिरचीबद्दल स्वतः सांगतील."

बशीरभाईंनी सांगितलं. दीडशे मुलं हसली आणि मंगलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून सगळ्यांत मोठ्याने.

"कमली, तुला काही सांगायचंय?" सरांनी विचारलं.

कमलीने नाही अशी मान हलवली. तिच्या मागच्या रांगेतून उखा म्हणाला, "मला पहिल्यापासून माहीत होतं, ती चांगली लावते झाकण."

कमली मागे वळली आणि त्याला भिलीत काहीतरी म्हणाली. चार-पाच शब्द असतील. आधी आठवीची रांग हसली, मग सातवीची, मग पुढच्या छोट्या मुलांनी मोठ्यांना विचारून घेतलं आणि तीही हसली. उखाने पहिल्यांदाच पुढचं वाक्य तयार ठेवलेलं नव्हतं.

मी शेजारच्या मुलीला विचारलं, ती काय म्हणाली? मुलीने तोंडावर हात ठेवला. मी सरांकडे बघितलं. वीस वर्षांत ते भिली चांगली शिकले आहेत. ते झेंड्याच्या खांबाकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"सर, काय म्हणाली ती?"

"वर्गात जा सगळे," सर म्हणाले.